प्रतिसाद: २५० युनिटला ३ किलोवॉट कशाला?

महिन्याला २५० युनिट वापर आणि विक्रेता छतावर ३ किलोवॉटचं सोलर सुचवतोय, असं तुम्ही लिहिलंत, तर आधी गणित बघा. आपल्याकडे १ किलोवॉटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात, म्हणजे २ किलोवॉटचे महिन्याला २४०. जुलै-ऑगस्टची तूट उन्हाळ्यात जादा तयार होऊन वीज कंपनीकडे तुमच्या नावावर जमा झालेल्या युनिटमधून भागते. पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेचं अनुदान २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ ला ७८,००० आहे. तिसऱ्या किलोवॉटला फक्त १८,०००. एसी किंवा ई-स्कूटर घ्यायची असेल तरच ३ घ्या. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटना दर अगदीच किरकोळ मिळतो. अनुदानाला डीसीआर (भारतात बनलेले सेल वापरलेली) पॅनेलच लागतात, कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या.

लाइट गेल्यावर चालेल का, हे विचारलंत ते बरं केलंत. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर वीज जाताच बंद पडतो, अगदी भर उन्हातही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय असते. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी, खर्च बराच वाढतो.

पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन पॅनेलवर पडते का, ते डिसेंबरच्या उन्हात बघा, कारण तेव्हा सावली सर्वांत लांब असते. एका पॅनेलवरच्या सावलीने अख्ख्या स्ट्रिंगचं (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचं) उत्पादन घसरू शकतं.