मदत हवी आहे: रेडिएटरच्या होजमधून थेंब-थेंब कूलंट गळतंय, घरी जमेल का?

नमस्कार मंडळी,

रोहण्याजवळच्या खेड्यात राहतो (ता. आर्वी, जि. वर्धा). गाडी पेट्रोल, २०१२ ची, सेकंड हँड घेतलेली, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही गाडी घ्यायलाच नको होती'कडे वळेल आणि माझा पाईप गळतच राहील.

कूलंटची (इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी) रिझर्व्हची बाटली आठ-दहा दिवसांत मॅक्सवरून मिनवर येते. आधी वाटलं, उन्हाळा आहे, उडत असेल. ४५ डिग्रीत इथं माणूस आटतो, कूलंटचं काय! पण परवा पुलगावहून आल्यावर बोनेट उघडलं तर गोडसर वास. रेडिएटरपासून इंजिनला जाणारा वरचा जाड होज (रबरी पाईप), त्याचं इंजिनकडचं टोक आहे ना, तिथं क्लिपखाली हिरवट-पांढरी खपली धरलेली. नखानं काढली, तर पाचेक मिनिटांत तिथंच थेंब फुगला, क्लिपवरून ओघळला आणि इंजिनवर चर्र झाला. रात्री खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी त्यावर नाण्याएवढा डाग. इंजिन गार असताना मात्र ती जागा कोरडीठाक. तापमानाचा काटा अजून निम्म्याच्या वर गेलेला नाही.

गावातले सल्ले असे: रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाक. एमसील लाव. आणि ट्रॅक्टरच्या मिस्त्रीचा, "थर्मोस्टॅटच काहाडून फेका भाऊ, गाडी गरम होनारच नाई." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप.)

मंगळवारी आईला सेवाग्रामला दवाखान्यात न्यायचंय, जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर. पेचकस, पक्कड, पान्हे घरी आहेत. नुसती क्लिप बदलून भागेल का?

*

तेलकट_हात:
गार असताना कोरडं असणारच. इंजिन तापलं की आत दाब धरतो, रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो तो त्याचाच. त्या दाबामुळे कूलंट शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. म्हणून गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. एकदम उकळून तोंडावर येतं. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

आता काम. सकाळी गार इंजिनवर होज हातानं दाब. मऊ असून परत फुगला तर ठीक. कडक लागला, आत करकर झाली किंवा मधेच फुगवटा असेल तर विचार करू नको, नवा आण. फक्त टोकच कडक झालं असेल तर खाली स्वच्छ घमेलं ठेव, कूलंट काढ, होज उपसून टोकाचा एक सेंटिमीटर ब्लेडनं सरळ काप. होजला तेवढी ढील आहे का ते आधी बघ. इंजिनच्या ज्या नळीवर होज बसतो, तिच्यावरची खपली बारीक पॉलिश पेपरनं काढ. बसवताना ग्रीस-तेल लावू नको, तेलानं हे रबर फुगतं. पाण्याचा हात पुरे. कंपनीची स्प्रिंगची क्लिप ढिली पडली असेल, स्क्रूची जुबली क्लिप टाक. नळीच्या टोकाला उभार असतो, क्लिप त्याच्या मागं बसली पाहिजे, उभारावर नाही. नळी प्लास्टिकची असेल तर जोर करू नको, तडकेल.

*

वऱ्हाडी_वाटसरू:
हळदीचं खरं आहे, बारीक भोक बुजतं. पण हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात, मग करत बसा. एमसील लवचीक रबरावर टिकत नाही. थर्मोस्टॅटचा प्रयोग मी केलाय. इंजिन नीट तापतच नव्हतं आणि पेट्रोल ढसाढसा पीत होतं, तीन महिन्यांनी गुपचूप परत बसवला.

क्लिपसाठी वर्ध्याला जायची गरज नाही भाऊ. ठिबकचं सामान विकणाऱ्याकडे मिळते, फक्त होजचं माप घेऊन जा. पण त्याच्याकडचा प्लास्टिक पाईप मात्र लावू नका, गरम कूलंटनं लोळागोळा होतो. आणि गाडीत सायकलच्या ट्यूबची पट्टी ठेवा. रस्त्यात फुटलाच तर ताणून गुंडाळली की गावापर्यंत येता येतं.

*

मीराताई:
दादा, एवढ्या दिवसांत बाटलीत भर कशाची घातली?

*

धागाकर्ता:
बोअरचं पाणी, ताई. दोनदा. :(

*

मीराताई:
वाटलंच होतं. बोअरचं पाणी जड असतं, चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या आत बसतो. आता रिकामं करताच आहात तर सगळंच बदला. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणा, निम्मं कूलंट, निम्मं पाणी. मात्र बाटलीवर 'रेडी टू यूज' असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. आणि काढलेलं अंगणात उघडं ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री पितात आणि मरतात.

*

धागाकर्ता (अपडेट, रविवार):
टोक कापलं. कापलेला तुकडा वाकवला तर आतून उभ्या तीन चिरा निघाल्या, वरून काहीच दिसत नव्हतं. पुलगावहून दोन क्लिपा आणल्या, कूलंट सगळं नवं भरलं. गाडी चालू केली आणि काटा चढायला लागला! तशीच बंद केली.

*

तेलकट_हात:
हवा अडकली. पूर्ण गार होऊ दे, मग झाकण उघडं ठेवून चालू कर आणि हीटर फुल गरमवर टाक. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. फॅन एकदा लागून बंद झाला की गाडी बंद कर, गार झाल्यावर झाकण लाव. पहिले दोन-तीन दिवस रोज सकाळी बाटली बघत जा. आणि दोन्ही होज नवे मागवून ठेव, वरचा असा झाला तर खालचाही त्याच वयाचा आहे.

*

धागाकर्ता:
झालं. वीस मिनिटं बुडबुडे निघत होते. नंतर रोहण्यापर्यंत दोन चकरा मारल्या, काटा निम्म्यावर, पुठ्ठा कोरडा. सगळ्यांचे आभार, होज मागवतो.

फक्त आई बाहेर आली तेव्हा मी मे महिन्यातल्या दुपारी हीटर फुल लावून, घामानं निथळत काट्याकडे पाहत बसलो होतो. म्हणाली, "डोस्कं फिरलं का रे तुयं?"