वाचनगटासाठी अलीकडच्या इंग्रजी ख्रिस्ती कादंबऱ्या सुचवा

ओंजळ:
आमच्या वाचनगटात चौदा जण आहेत. साधारण निम्मे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतले, निम्मे कॅथलिक, दोघे-तिघे कुठल्याच चर्चला न जाणारे. महिन्यातून एकदा बसतो आणि एका पुस्तकाला दोन बैठका देतो. पुढच्या सहा महिन्यांसाठी तीन कादंबऱ्या ठरवायच्या आहेत. शक्यतो २०१५ नंतरच्या, मालिकेतला मधलाच भाग नसलेल्या, इंग्रजी सोपं असलेल्या (बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय). गोष्ट थांबवून प्रवचन सुरू होतं तशी पुस्तकं नकोत. विश्वासाचा प्रश्न कथेतूनच उभा राहायला हवा.

फ्रान्सीन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' सगळीकडे सुचवली जाते. ती घ्यावी का? बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठीही एखादं नाव सांगा.

पानखूण:
'रिडीमिंग लव्ह' गटासाठी घेऊ नका. पुस्तक वाईट आहे म्हणून नव्हे. बायबलमधला संदेष्टा होशेय आणि त्याची व्यभिचारी बायको गोमर यांची कथा १८५० च्या कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात आणली आहे, आणि त्यातली क्षमेची कल्पना आजही लोकांना हलवते. पण नायिकेला लहानपणीच वेश्याव्यवसायात विकलं जातं आणि त्या अत्याचाराचे प्रसंग पुस्तकभर येत राहतात. शिवाय नायक तिच्याशी लग्न करतो तेव्हा ती मार खाऊन अर्धवट शुद्धीत असते. मिश्र गटात संमतीचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत निघतो आणि होशेय बाजूलाच राहतो. आणखी एक अडचण म्हणजे ही कादंबरी १९९१ साली सर्वसाधारण प्रकाशनाकडून आली आणि १९९७ साली सुधारून ख्रिस्ती प्रकाशनाकडून. जुन्या पुस्तकांच्या बाजारात पहिली आवृत्ती हाती लागली तर तिची भाषा जास्त उघड आहे. चौघांकडे एक आणि चौघांकडे दुसरी आवृत्ती असेल तर चर्चेत गोंधळ होतो.

तुमच्या अटींत सगळ्यात नीट बसते ती टेसा अफशार यांची 'लँड ऑफ सायलेन्स' (२०१६). मार्क ५:२५-३४ मधली बारा वर्षं रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री, तिला इथे नाव आहे एलियाना. शुभवर्तमानात तिला दहा ओळी मिळतात. लेखिका तिचं बालपण, धाकट्या भावाच्या मृत्यूचा दोष, वडिलांचं दुरावणं आणि कापडाचा धंदा असं सगळं आयुष्य उभं करते. वाक्यं छोटी आहेत, शब्द सोपे आहेत. लेखिका मूळची इराणची, त्यामुळे घर, अंगण, पाहुणचार, वडीलधाऱ्यांची भीती हे सगळं आपल्याला परकं वाटत नाही.

गट एका ठिकाणी अडखळतो. येशू पहिल्या पानापासून भेटेल अशी अपेक्षा धरून लोक वाचतात आणि अर्ध्यात विचारतात, "तो येणार कधी?" ज्या प्रसंगासाठी पुस्तक हाती घेतलं तो बराच शेवटी आहे. हे आधीच सांगून ठेवा. पहिल्या बैठकीआधी लेवीय १५:२५-३० सगळ्यांनी वाचून यावं, कारण अशा स्त्रीच्या अंथरुणाला किंवा बसण्याच्या जागेला जो शिवेल तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध, हा नियम माहीत नसेल तर गर्दीत वस्त्राला हात लावण्यातलं धाडस कळत नाही. विटाळ पाळणारी घरं पाहिलेल्या आपल्या बायकांना ते कळायला वेळ लागणार नाही, आणि या पुस्तकावरची चर्चा तिथेच सर्वांत चांगली रंगते.

दुसरी, लिन ऑस्टिन यांची 'चेझिंग शॅडोज' (२०२१). दुसऱ्या महायुद्धातलं नेदरलँड्स. शेतकरी कुटुंबातली लेना, तिची मुलगी आन्स आणि जर्मनीतून पळून आलेली ज्यू मुलगी मिरियम, या तिघींच्या बाजूने प्रकरणं आळीपाळीने येतात. १० मे १९४० च्या आक्रमणापासून १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यापर्यंतचा काळ आहे. पुस्तक चारशे पानांच्या वर आहे, पण प्रकरणं आटोपशीर आहेत. रोज आठ पानं वाचली तर दोन महिन्यांत आरामात संपतं.

गटासाठी ही निवडण्याचं खरं कारण यातला पेच आहे. लपवलेल्या माणसाला वाचवायला खोटं बोलणं पाप आहे का? आन्सचा मित्र पोलिसात आहे, आणि सत्ता शत्रूच्या हाती गेल्यावरही वर्दी न सोडणाऱ्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न लेखिका सहज सुटू देत नाही. दुसऱ्या बैठकीत रोमकरांस १३:१-७ (सत्तेच्या अधीन राहा) आणि यहोशवा २ मधली, हेरांना लपवून खोटं बोलणारी राहाब समोरासमोर ठेवा. पाळकांना बोलावणार असाल तर त्यांना सुरुवातीला बोलू देऊ नका, नाहीतर बाकीचे गप्प बसतात.

बावखल:
पानखूण यांच्या दोन्ही निवडी योग्य आहेत. मिश्र गट आहे म्हणून कॅथलिक बाजूने दोन गोष्टी सांगते. त्या आधी कळल्या नाहीत तर बैठक भलतीकडे जाते.

बायबलमधल्या पात्रांवरच्या बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या अमेरिकन इव्हँजेलिकल प्रकाशनांच्या आहेत. अँजेला हंट यांची 'डॉटर ऑफ काना' (२०२०) चांगली लिहिलेली आहे. येशूचा शिष्य थोमा याला जुळी बहीण कल्पून काना गावच्या लग्नापासून गोष्ट सुरू होते. पण त्यात येशूचा सख्खा धाकटा भाऊ हे मुख्य पात्र आहे, आणि मालिकेतल्या पुढच्या 'द शेफर्ड्स वाइफ'मध्ये येशूच्या बहिणी येतात. पवित्र मरिया अखंड कुमारी ही आमची श्रद्धा, आणि 'भाऊ' म्हणजे जवळचे नातलग असं आमच्याकडे शिकवलं जातं. चर्चेत दोन तास तेवढ्यावरच जाऊ शकतात. तो वाद घालायचा असेल तर जरूर घ्या, पण ठरवून घ्या. याच मालिकेतली 'द अपॉसल्स सिस्टर' (२०२२) त्या मानाने सोपी जाईल. प्रेषितांची कृत्ये २३:१६ मध्ये पौलाच्या बहिणीच्या मुलाचा एका ओळीत उल्लेख आहे, त्यावरून त्या बहिणीची कथा रचली आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या काळावरच्या कादंबऱ्यांची. १९९५ साली सुरू झालेल्या 'लेफ्ट बिहाइंड' मालिकेसारखं काही कुणी सुचवलं तर थांबा. विश्वासणारे अचानक उचलले जातील आणि मग सात वर्षांचा संकटकाळ येईल ही मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या एका विशिष्ट विचारधारेतून आली आहे. कॅथलिक चर्च ती शिकवत नाही, आणि बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्याही शिकवत नाहीत. कादंबरी म्हणून वाचणारा तिलाच बायबलची शिकवण समजून बसतो, आणि चर्चला न जाणाऱ्या तुमच्या दोघा-तिघांच्या बाबतीत हा धोका जास्त.

कॅथलिक लेखकाचं हवं असेल तर मायकल ओब्रायन यांची 'बाय द रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' (२०२२) आहे. बॅबिलॉनच्या बंदिवासातला संदेष्टा यहेज्केल हा तिचा नायक. गती संथ आहे आणि वर्णनं लांब आहेत. ज्यांना स्तोत्र १३७ मनापासून आवडतं त्यांनी एकट्याने सावकाश वाचावी, गटासाठी नको.

नगरी_वाचक:
मॅरिलिन रॉबिन्सन यांचं नाव अजून कसं आलं नाही? 'गिलियड' २००४ ची, म्हणजे अटीबाहेरची, पण ख्रिस्ती विश्वासावरचं एवढं खोल लेखन गेल्या पंचवीस वर्षांत क्वचित झालं असेल. अमेरिकेतल्या आयोवातला म्हातारा काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार पाहते अशा प्रोटेस्टंट परंपरेतला) पाळक जॉन एम्स आपल्या लहान मुलासाठी पत्र लिहून ठेवतो, एवढीच गोष्ट. २००५ चं पुलित्झर पारितोषिक तिला मिळालं. अहमदनगरला १८३१ पासून काम करणारं अमेरिकन मिशन ज्या बोर्डाचं होतं, ते मुख्यतः याच काँग्रिगेशनल परंपरेतल्या चर्चांनी उभं केलं. त्यामुळे एम्सचं बोलणं, त्याचं साधं उपासना मंदिर, पोटमाळ्यावर साठवलेली हस्तलिखित प्रवचनं हे नगरकडच्या मंडळीतल्या लोकांना ओळखीचं वाटेल.

२०१५ नंतरचंच हवं तर त्याच मालिकेतली 'जॅक' (२०२०) आहे. पण तिच्यापासून सुरुवात करू नका. सुरुवातीचा मोठा भाग एका रात्रीचा आहे. स्मशानात अडकलेले दोघं पहाटेपर्यंत बोलत राहतात. जॅक कोण आणि त्याच्या मागे काय लागलंय हे 'गिलियड' वाचल्याशिवाय पुरतं पोचत नाही. तो गोरा, डेला कृष्णवर्णीय शिक्षिका आणि एका बिशपची मुलगी, आणि त्या काळी मिसूरीत असं लग्नच बेकायदा. जातीबाहेरच्या लग्नांवर आपल्या मंडळ्यांमध्ये जे मौन आहे त्यावर बोलायचं धाडस गटात असेल, तर याहून चांगलं निमित्त नाही.

पानखूण:
'गिलियड'बद्दल पूर्ण सहमत, पण गटासाठी इशारा. त्यात प्रकरणं नाहीत, फक्त मोकळ्या जागा आहेत, म्हणून "अमुक प्रकरणापर्यंत वाचून या" असं सांगता येत नाही. पानं अडीचशेच्या आसपास आहेत. सगळ्यांनी एकच आवृत्ती घ्यावी आणि पानाऐवजी वाक्य ठरवून द्यावं. मराठी माध्यमवाल्यांना पहिली तीस पानं जड जातात, नंतर तो आवाज कानात बसतो.

तिसरं पुस्तक म्हणून मी सारा संडिन यांची 'द साउंड ऑफ लाइट' (२०२३) सुचवेन. डेन्मार्कमधल्या सात हजारांहून अधिक ज्यूंना ऑक्टोबर १९४३ मध्ये समुद्रमार्गे स्वीडनला पोचवलं गेलं, ती पार्श्वभूमी. नायक सरदार घराण्यातला. तो अडाणी गोदी कामगाराचं सोंग घेतो आणि रात्री होडी वल्हवत निरोप पोचवतो. नायिका डॅनिश शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या संस्थेत काम करणारी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ. प्रेमकथा जरा जास्त आहे, पण सोंग टिकवण्यासाठी तो जवळजवळ मुका होतो, आणि गप्प राहून केलेल्या सेवेचा विचार त्यातून चांगला येतो. मात्र 'चेझिंग शॅडोज'नंतर लगेच घेऊ नका. महायुद्ध लागोपाठ आलं की लोक कंटाळतात. मध्ये 'लँड ऑफ सायलेन्स' ठेवा.

ओंजळ:
सगळ्यांचे आभार. आणखी दोन शंका. अमेरिकेतला ख्रिस्टी पुरस्कार पाहून निवड करावी का? आणि चौदा प्रती मिळवायच्या कशा? बाहेरून मागवलेली छापील पुस्तकं महाग पडतात.

सातासमुद्रापार:
ख्रिस्टी पुरस्कार १९९९ मध्ये ख्रिस्ती प्रकाशकांनी सुरू केला. तो कामाचा आहे, पण विभाग पाहून. अमांडा डाइक्स यांच्या 'हूज वेव्हज दीज आर'ला २०२० चा वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला, आणि पुस्तक खरोखर सुंदर आहे. पण ते १९४४ आणि २००१ अशा दोन काळांत फिरतं आणि भाषा कवितेसारखी आहे. तुमच्या गटातले निम्मे लोक शंभराव्या पानाआधी सोडतील.

प्रतींचं असं करा. मोबाइलवर किंडल ॲप सगळ्यांना टाकून द्या. ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, अक्षर मोठं करता येतं आणि शब्दावर बोट दाबलं की अर्थ दिसतो, जे मराठी माध्यमातल्यांसाठी फार उपयोगी. आधी नमुना उतरवून घ्या. तो फुकट असतो, आणि तेवढ्यात इंग्रजी झेपतंय का हे कळतं. छापील दोन-तीन प्रती ज्येष्ठांसाठी पुरतील. गटातलं कुणी परदेशात असेल आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड असेल, तर लिबी ॲपवर यातली बरीच पुस्तकं, श्राव्य आवृत्तीसह, मोफत मिळतात. नव्या पुस्तकांना रांग असते, म्हणून दोन महिने आधी नोंदवा.

विकत घेण्याआधी मुखपृष्ठावर मालिकेचा क्रमांक आहे का ते पाहा. चार्ल्स मार्टिन यांची 'द वॉटर कीपर' (२०२०) कुणी सुचवली तर ती मालिकेतली पहिली आहे. 'ख्रिस्ती कादंबरी' या शिक्क्याचा अर्थ साधारणपणे शिवीगाळ आणि शय्यादृश्यं नाहीत एवढाच, हेही लक्षात असू द्या. 'द वॉटर कीपर'चा विषय मुलींची तस्करी आहे आणि हाणामारी भरपूर.

मुलांसाठी अँड्र्यू पीटरसन यांची 'विंगफेदर सागा', चार भाग. पहिला, 'ऑन द एज ऑफ द डार्क सी ऑफ डार्कनेस', २००८ चा आहे. पहिल्या भागात तळटीपा आणि विनोदी नावं खूप आहेत, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला सुरुवात संथ वाटू शकते. मोठ्याने वाचून दाखवली तर ती अडचण राहत नाही. येशूचं नाव कुठेही नाही, पण मोठ्या भावाने धाकट्यासाठी काय सोसायचं हा धागा चौथ्या भागापर्यंत ताणून नेला आहे. चारही भाग क्रमानेच वाचा.

बावखल:
एक जोडते. गटात कुणाच्या घरी अलीकडे मूल किंवा भाऊ गेला असेल तर 'लँड ऑफ सायलेन्स'ची सुरुवात त्यांना आधी सांगा. पहिल्याच भागात लहान मुलाचा मृत्यू आहे.

ओंजळ:
हे कळलं ते बरं झालं, तसं एक घर आमच्यात आहे. मग सुरुवात 'चेझिंग शॅडोज'ने करतो, 'लँड ऑफ सायलेन्स' त्यांना विचारून दुसरी, आणि 'द साउंड ऑफ लाइट' तिसरी. 'गिलियड' ज्यांना हवी ते स्वतंत्र वाचतील. रोमकरांस १३ आणि राहाबचा उतारा पहिल्या बैठकीतच वाटून ठेवते.