मदत हवी आहे: प्रोस्टेटसाठी सॉ पामेट्टोच्या कॅप्सूल, खरंच उपयोग होतो का?

घोडबंदरकर
बाबा ६७ वर्षांचे. रात्री तीनदा उठावं लागतं, धार बारीक. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४४ ग्रॅम, लघवीनंतर पिशवीत ६० मिली शिल्लक, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी, कॅन्सरच्या शंकेसाठी बघतात) २.८. ठाण्यातल्या युरॉलॉजिस्टनी टॅम्सुलोसिन ०.४ दिली आहे. पण "ही गोळी लागली की सुटत नाही" म्हणून बाबांनी ऑनलाइन सॉ पामेट्टो (एका पामच्या फळांचा अर्क) ३२० मिग्रॅ अधिक बीटा-सिटोस्टेरॉल (वनस्पतींतला एक घटक) मागवलंय. मित्राला म्हणे गुण आला. नुसत्या कॅप्सूलवर भागेल का?

नेरूळ_पूर्व
सॉ पामेट्टोचा निकाल बऱ्यापैकी लागलेला आहे. अमेरिकेत २००६ साली २२५ पुरुषांना वर्षभर १६० मिग्रॅ दिवसातून दोनदा दिलं. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या कॅप्सूलपेक्षा काडीचा फरक नाही. डोस कमी पडला असेल म्हणून २०११ च्या चाचणीत ३६९ जणांचा डोस ७२ आठवड्यांत ९६० मिग्रॅपर्यंत चढवत नेला. त्रास मोजणारे लक्षणांचे गुण (कमी तितके बरे) सॉ पामेट्टोवाल्यांचे सरासरी २.२ ने उतरले, आणि खोट्या कॅप्सूलवाल्यांचे जवळजवळ ३ ने! मित्राचा 'गुण' कुठून आला ते इथेच कळतं. हा त्रास आपसूक कमीजास्त होत असतो.

बीटा-सिटोस्टेरॉलची बाजू जरा बरी. चार चाचण्या, ५१९ पुरुष, धार आणि लक्षणं सुधारली. पण एकही चाचणी सहा महिन्यांपलीकडे गेली नाही आणि ग्रंथीचा आकार कमी झाला नाही.

गोळी 'लागण्या'ची भीती मात्र निराधार. टॅम्सुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, काही दिवसांत फरक दिसतो. बंद केली तर जुना त्रास परत येतो, एवढंच. रोज त्याच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री आधी पलंगावर दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. वीर्य कमी येतं, त्याने घाबरू नये. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आधीच सांगा. बुबुळ ढिलं पडून शस्त्रक्रिया अवघड होते.

कळवा_फार्मा
'हर्बल म्हणजे निर्धोक' यावर जाऊ नका. पीसी-स्पेस नावाचं प्रोस्टेटचं वनस्पती-मिश्रण २००२ मध्ये बाजारातून काढलं, त्यात वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध सापडलं होतं. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर कॅप्सूलची बाटलीच डॉक्टरांना दाखवा. आणि सर्दीची कॉम्बिनेशन गोळी परस्पर घेऊ नका. क्लोरफेनिरामिन, स्यूडोएफेड्रिनने अशा माणसाची लघवी पार अडू शकते. तसं झालं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठायची, कॅथेटर लागतो.

घोडबंदरकर
कॅप्सूलने पीएसए खोटा कमी दिसतो का? कॅन्सरची गाठ लपायला नको.

नेरूळ_पूर्व
२०११ च्या चाचणीत सॉ पामेट्टोने पीएसएवर परिणाम दिसला नाही. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट आक्रसवणाऱ्या गोळ्या) पुढे सुरू झाली तर मात्र सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो, तेव्हा आलेला आकडा दुप्पट धरून वाचतात.

पुढच्या भेटीआधी तीन दिवस लघवीची नोंद करा: वेळ, मापी भांड्यात किती मिली, आधी काय प्यायले. रात्रीचं एकूण प्रमाण चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त निघालं, तर रात्रीच्या उठण्याचं खापर एकट्या प्रोस्टेटवर फोडता येणार नाही. मग पायाची सूज, साखर, संध्याकाळचा चहा बघायचा.