मागच्या भिंतीलगतच्या पट्टीत केसांसाठी काय लावावे?

क-१०२ : सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतची पट्टी साफ झाली आहे. तेथे शोभेच्या झाडांऐवजी केसांना उपयोगी पडणाऱ्या वनस्पती लावाव्यात, असे आम्हां चौघींना वाटते. माका, जास्वंद, ब्राह्मी, कोरफड, शिकेकाई आणि रिठा अशी यादी केली आहे. सूचना असल्यास कळवाव्यात.

अ-४०३ : वहिनी, कल्पना उत्तम आहे, मात्र शेवटची दोन नावे वगळावीत, अशी विनंती आहे. शिकेकाई ही दांडगी काटेरी वेल आहे आणि रिठ्याचा मोठा वृक्ष होऊन त्याला फळ धरायला बरीच वर्षे लागतात, तेव्हा या दोन्ही वस्तू सांगलीच्या बाजारातून सुक्या आणणेच सोयीचे. रिठा मात्र अवश्य आणावा, कारण आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पाण्यातील कॅल्शियमशी मिळून त्याचा चिकट थर केसांवर बसतो. रिठ्याच्या फेसाचे तसे होत नाही. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबतो.

माक्याला सर्वांत ओला कोपरा, म्हणजे टाकी भरल्यावर पाणी पडते ती जागा द्यावी. उसाच्या पाटाकडेला तो न लावता उगवतो, यावरूनच त्याची आवड कळते.

ब-२०१ : माका ओळखून आणावा, एवढेच सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे माका समजून एकदांडीचेच तेल काढले गेले आणि दोन महिने सर्वांनी ते श्रद्धेने लावले! एकदांडीचे फूल लांब, उंच दांड्यावर एकटे असते आणि त्याचा मधला भाग पिवळा दिसतो. माक्याचे फूल लहान व पांढरे असते. त्याचे पान बोटांत चुरडले की रस थोड्या वेळात काळपट होतो. ज्यांच्या अंगाला गाजर गवताने खाज सुटते, त्यांनी माक्याचे तेल आधी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावे, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत.

क-१०२ : धन्यवाद, अण्णा. ब्राह्मीचेही असेच आहे का? रोपवाटिकेत दोन निरनिराळी रोपे त्याच नावाने दाखवली.

अ-४०३ : होय. गोलसर पानांची ती मंडूकपर्णी आणि बारीक, मांसल पानांची ती जलब्राह्मी. दोघींनाही ओल लागते, त्यामुळे त्यांना माक्याच्या शेजारीच जागा द्यावी. कोरफड मात्र दूर, निचऱ्याच्या जागी असावी. तिचे पान कापल्यावर पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण त्याने त्वचेची आग होते.

अ-१०४ : मी तेल केले होते, पण पंधरा दिवसांत त्याला बुरशी आली. काय चुकले असेल?

अ-४०३ : काकू, तेलात पाण्याचा अंश राहिला असणार. आयुर्वेदातील सर्वसाधारण प्रमाण एक भाग कल्क (म्हणजे वाटलेल्या वनस्पतीचा गोळा), चार भाग तेल आणि सोळा भाग रस किंवा काढा असे आहे. एवढे पाणी मंद आचेवर पूर्ण आटावे लागते आणि तेथेच आपण घाई करतो. तेलात भिजवलेली वात पेटवून पाहावी. ती तडतडली तर ओल शिल्लक आहे असे समजावे. तेल कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे.

ब-३०३ : पण याने केस गळणे थांबेल का? तापानंतर माझे फार गळत आहेत.

अ-४०३ : तसा शब्द मी देणार नाही. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि बहुधा काही महिन्यांत ते आपोआप सावरते. त्याचे श्रेय मग शेवटी लावलेल्या तेलाला मिळते. तेलाने केस मऊ राहतात आणि विंचरताना कमी तुटतात, हाही लाभ थोडा नाही. टक्कल चकत्यांनी पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

ब-२०१ : जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो, तेव्हा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी कोण करणार, हे आधीच ठरवावे. शिवाय संकष्टीला सगळी लाल फुले गणपतीकडे जातील, तेलाला एकही उरणार नाही.

क-१०२ : म्हणून जास्वंदीची तीन रोपे आणते, अण्णा. फवारणी तुमच्याकडे. रविवारी सकाळी सात वाजता ज्यांच्याकडे कुदळ आहे, त्यांनी ती घेऊन खाली यावे.