सायकलसाठी पाट्या: नागपुरात आधी पाटी की आधी रस्ता?

फुटाळाकर:
परवा सदरहून फुटाळ्याला सायकलने निघालो आणि सिव्हिल लाइन्समध्ये दोनदा चुकलो. तिथले रस्ते सावलीचे, पण वळणं सारखी, बंगलेही सारखे. निळ्या गोलातलं सायकलचं चिन्ह दिसलं, पण त्याचा अर्थ एवढाच की ही वाट सायकलींची. ती कुठे जाते, पुढे कुठे वळायचं, हे त्यातून कळत नाही.

खरी भीती वर्धा रोडवर. तिथे खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो, असं ३.१४ किलोमीटरचं बांधकाम आहे. मोठे फलक मोटारवाल्यांसाठी. नवखा सायकलवाला गर्दीच्या ओघात पुलावर चढतो, मग मागून ट्रक आणि उतरायला वाट नाही.

सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली तरी सेकंदाला चार मीटर जाते. ऐन चौकातली पाटी वाचेपर्यंत वळण मागे पडतं. पाटी वीस-पंचवीस मीटर आधी हवी. आणि वळल्यावर आणखी एक, वाट बरोबर आहे हे सांगणारी.

अजनीवाला:
भाऊ, पाट्या लावून काय होते? आधी रस्ता तं द्या! पट्टा आखला की दुसऱ्या दिवशी त्यावर कार उभी. पाटी म्हणते सरळ जा, सरळ जायला जागाच नाही. ज्याला वाट पाहिजे त्याच्या मोबाइलात नकाशा आहे. तोच पैसा दिव्यांवर अन् पट्ट्याच्या कठड्यावर लावा.

शाळकऱ्याची आई:
मोबाइल कोणाच्या हातात, दादा? माझा मुलगा आठवीत आहे, शाळेत फोन नेता येत नाही. रोज सायकलवर कामाला जाणारे गवंडी, सुतार, पेपरवाले चालत्या सायकलवर नकाशा बघतील का? मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा चुकलेला एक किलोमीटरही अंगावर येतो. सावलीचा रस्ता कोणता, हे पाटीवर लिहा. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात.

निवृत्त खाणकामगार:
बेल्जियममधल्या लिम्बर्गची गोष्ट सांगतो. ह्यूगो बोलेन हे खाण अभियंता. खाणीतल्या वाटांना नंबर असतात, त्यावरून त्यांनी सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला नंबर द्यायची पद्धत काढली. १९९५ साली ती तिथे सुरू झाली, पुढे नेदरलँड्सनेही घेतली. निघताना चार-पाच नंबर कागदावर लिहायचे, प्रत्येक फाट्यावर पुढच्या नंबराचा बाण असतो. मी सावनेरकडच्या भूमिगत खाणीत नोकरी केली. खाली ना झाड, ना देऊळ, ना दुकान. तिथे नंबरच माणसाला बाहेर आणतो. आपल्या कोळशाच्या मुलखाला ही पद्धत परकी वाटायला नको.

अजनीवाला:
काका, तुमचा अनुभव मोठा आहे. पण ती पद्धत फिरायला निघालेल्या लोकांची. आपल्याकडे माणूस चौकाच्या नावानं चालते. व्हेरायटी चौक विचारा, कोणीही बोट दाखवेल. सत्तावीस नंबर विचारा, पानठेलेवालाही गप्प राहील.

फुटाळाकर:
हे पटलं. नाव मोठं ठेवू, नंबर खाली बारीक. कार उभ्या राहतात हेही खरंच. पण कठडा होईपर्यंत लोकांनी पुलावर चढत राहायचं का?

अजनीवाला:
नाही. पुलाच्या पायथ्याशी पाटी उद्याच लावा, ‘सायकल खालून’. तिथं माझा विरोध नाही. बाकीच्या पाट्या मात्र पट्टा मोकळा झाल्यावर.

शाळकऱ्याची आई:
आणि कडुनिंबाच्या फांद्यांआड लावू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे एक, पानगळीतच तेवढी दिसते.