मदत हवी आहे: फिफ्थ व्हील ओढायला नवा पिकअप घेतोय, फॅक्टरीतूनच काय काय लावून घ्यावं?

नमस्कार,

अमेरिकेत मोठा ट्रेलर ओढणारं इथे कुणी असेल तर सल्ला हवा आहे. महिनाअखेर ट्रकची ऑर्डर द्यायची आहे आणि एकदा गाडी बनायला गेली की मग बदल होत नाही.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. आई-बाबा उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात, मुक्काम चांगला लांब असतो. दोघांना यलोस्टोन, युटा सगळं दाखवायचं आहे. पण आईला तंबू आणि रात्री-अपरात्री लांबचं स्वच्छतागृह जमत नाही, बाबांचं पथ्याचं जेवण असतं. म्हणून स्वयंपाकघर-बाथरूम असलेला फिफ्थ व्हील कँपर घ्यायचं ठरलं आहे. याची पुढची पिन बंपरच्या मागे नाही, तर ट्रकच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या वर बसते. जो ट्रेलर मनात भरलाय त्याची भरल्या वजनाची मर्यादा १३,००० पौंड आहे, म्हणजे जवळपास ५,९०० किलो.

डीलरकडे गेलो तर विक्रेता एकच आकडा सांगत होता: ही गाडी अमुक हजार पौंड ओढते, तुम्ही कशाला काळजी करता! ओढण्याचं ठीक आहे हो, पण पेलायचं काय? ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर पिवळा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि त्यात चालवणाराही धरलेला असतो. २५०० वर्गातल्या (जड कामाच्या पिकअपचा एक वर्ग, ३५०० त्याच्या वरचा) डिझेल क्रू कॅबवर, म्हणजे चार दारांच्या गाडीवर, २,८७० पौंड होते. शेजारीच त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी होती, तिच्यावर साडेतीन हजारांच्या वर. डिझेल इंजिनच जड, ते वजन इथे वजा होतं.

आता हिशोब बघा. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भार पिनवर येतो. म्हणजे २,६०० ते ३,२५० पौंड. हिचचे, म्हणजे ती पिन अडकवायला हौद्यात बसवायच्या जोडणीचे, २००. आम्ही पाच माणसं, ७०० धरा. बेरीज ३,५०० ते ४,१५०. म्हणजे २५०० डिझेल बादच झाली. ३५०० वर्गातली, मागे एकेक चाकाची डिझेल पाहिली, तिचा स्टिकर ४,००० च्या जरा वर होता. तीसुद्धा काठावरच. मागे चार चाकांची ड्युअली घेतली तर हा प्रश्न उरणार नाही, पण मला रोज तीच ऑफिसला न्यायची आहे आणि तेवढी रुंद गाडी आमच्या पार्किंगमध्ये मावत नाही.

माझे प्रश्न:

डिझेल की पेट्रोल? आय-७० हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेला. पण माझं ऑफिस सहा मैलांवर आहे. एवढ्या छोट्या फेऱ्या डिझेलला मानवतात का?

हौदा आठ फुटी घ्यावा की पावणेसात फुटी? नवऱ्याचं म्हणणं आठच. आखूड हौद्यात काटकोनात वळताना ट्रेलरच्या नाकाचा कोपरा कॅबच्या काचेला लागू शकतो, त्यासाठी मागे सरकणारा हिच घ्यावा लागतो.

आणि बाकीचं काय फॅक्टरीतूनच घ्यायला हवं, काय नंतर बाहेरून बसवलं तरी चालेल? खर्च कुठे वाचवू नये, हे कळलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

हिशोब अगदी योग्य केलाय. बहुतेक लोक इथेच फसतात.

फिफ्थ व्हील प्रेप पॅकेज फॅक्टरीतूनच घ्या, यावर दुमत नको. हौद्याखाली चासीला आडवा लोखंडी सांगाडा येतो, तळाला हिच अडकवायची भोकं येतात आणि हौद्याच्या भिंतीत ट्रेलरच्या वायरींसाठी सात पिनांचं सॉकेट येतं. नंतर करायचं म्हणजे नव्या कोऱ्या हौद्याला ड्रिल मारा आणि वायर ओढत बसा. फक्त हिच त्याच कंपनीच्या भोकांना बसणारा बघा, प्रत्येकाचं माप वेगळं असतं.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलरही कंपनीचाच हवा. बाहेरचा बसवता येतो, पण कंपनीचा गाडीच्या ब्रेकशी जोडलेला असतो आणि घाटात फरक जाणवतो. लांब होणारे आरसेसुद्धा आत्ताच घ्या. एक्सल रेशो (चाकं फिरवणाऱ्या गिअरचं प्रमाण) तर नंतर बदलायच्या भानगडीत पडूच नका, फोर-व्हील ड्राइव्हला पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल उघडावे लागतात.

मागचा कॅमेरा, टायरप्रेशरचे सेन्सर, हौद्याचं झाकण हे सगळं सावकाश घेतलं तरी चालतं.

प्रतिसाद २

मी न्यू मेक्सिकोत डिझेल वापरतो. तुम्ही सगळे चढाचं बोलताय, मला उताराचं जास्त महत्त्वाचं वाटतं. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) लावला की सहा-सात टक्क्यांच्या उतारावर पायाखालचा ब्रेक क्वचितच दाबावा लागतो. मागे आई-बाबा बसलेले असताना ही फार मोठी गोष्ट आहे. बोगद्यापासून खाली उतरताना आठवण येईल.

मात्र सहा मैलांच्या फेऱ्यांबद्दल तुमची शंका खरी आहे. धुराच्या फिल्टरमधली काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं राहावं लागतं. आठवड्यातून एकदा तासभर हायवेवर न्यायची तयारी असेल तरच डिझेल घ्या.

आणि ब्रोशरमधल्या पिनच्या वजनावर जाऊ नका. ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, पुढच्या कप्प्यातलं सामान हे सगळं पिनवरच येतं. ट्रेलर घेतल्यावर सामान भरून, घरची सगळी माणसं बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) जा. तिथे पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन मिळतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उताराचा मुद्दा वाचून नवऱ्याने लगेच मान डोलावली. शनिवारी असंही आम्ही बोल्डरपलीकडे जातोच, त्यामुळे हायवेची फेरी जमेल.

३५०० डिझेल, आठ फुटी हौदा, प्रेप पॅकेज, कंपनीचा ब्रेक कंट्रोलर आणि मोठे आरसे, इतकं नक्की करतेय. पण पेलोड (स्टिकरवरची वजनाची मर्यादा) काठावर ठेवायला मन तयार नाही, त्यामुळे ट्रेलरच ११,००० पौंडांच्या आतला शोधायचा विचार आहे. त्या मापात पाच माणसांची नीट झोपायची सोय असलेला, आणि मोठ्यांना चढायला पायऱ्या कमी असलेला कुणी वापरला आहे का? आतली मांडणी कशी आहे ते कृपया सांगा.