ड्रायव्हरची काच वर येताना रखडते: मोटर बदलायची की आधी काही तपासायचं?

कोरेगाव_रोड, सातारा
२००८ ची पेट्रोल हॅचबॅक, चारही दारांना पॉवर विंडो. ड्रायव्हरची काच खाली बऱ्यापैकी जाते, वर येताना मात्र बारा-तेरा सेकंद घेते आणि शेवटच्या चार बोटांवर अडते. हातानं आधार दिला की जाते. लागोपाठ वरखाली केली तर बटण दाबूनही हलत नाही, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालू. बाकी तीन काचा ठणठणीत. गॅरेजमध्ये मोटरचा कपलर (वायरींचा जोड) काढून मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले. "करंट येतोय म्हणजे मोटर गेली, मशीनसकट बदला" असं म्हणाले. मशीन म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा. उसाच्या हंगामात गाडी ट्रॉल्यांमागं धुळीतच असते. सुरुवात कुठून करू?

वायरिंगवाला_मिरज
मोटर विकत घेऊ नका अजून. कपलर काढून मोजलेल्या बारा व्होल्टवरून काहीच ठरत नाही. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळं स्विचचा कॉन्टॅक्ट काळाठिक्कर असो की वायरीतल्या निम्म्या तारा तुटलेल्या असोत, बारा पूर्ण दिसणार. मोटर जोर लावत असताना मोजा.

दाराचं पॅड (आतलं आवरण) काढा: आतल्या हँडलमागचा स्क्रू, आर्मरेस्टमधले स्क्रू, मग खालच्या कडेनं क्लिपा. आतलं प्लॅस्टिक अलगद सोडवा, फाडू नका. ते गेलं की पावसाळ्यात पाणी पॅडवर येतं. कपलर जागेवरच ठेवून वायरीच्या बाजूनं मीटरच्या सुया आत सरकवा. इंजिन बंद, चावी ऑन. आधी बॅटरीवरचा आकडा घ्या, मग काच वर जाताना आणि खाली जाताना मोटरवरचा. फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत उत्तम, एकपर्यंत चालेल, दीडच्या वर गेला तर वाटेत कुठंतरी व्होल्टेज खातंय.

मधेच बंद पडून परत चालू होणं हे मोटर जळाल्याचं लक्षण नाही. तापली की आतलं संरक्षण तिला थांबवतं, गार झाली की सोडतं. ती गरजेपेक्षा जास्त ओढतेय एवढाच त्याचा अर्थ.

कृष्णाकाठ, सांगली
मीटर लावाच, पण हातानं आधार दिल्यावर काच जातेय, तेव्हा माझा पहिला संशय रबरावर. काच ज्या खाचेतून सरकते त्या चॅनल रबराला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. ते झिजून त्यात धूळ बसली की काच घासत जाते. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीला सुती कापड गुंडाळा, साबणाच्या पाण्यात बुडवून खाच वरपासून तळापर्यंत पुसा. कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे, तोही नळी लावून थोडाच. खोबरेल तेल, इंजिन ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही नको. तेलानं रबर फुगतं, आणि त्यावर धूळ बसून आठवड्यात पहिल्यापेक्षा वाईट होतं.

दार उघडलंच आहे तर तळाची निचऱ्याची भोकं मोकळी करा. गाडी जुनी घेतलेली असेल तर दाराच्या पत्र्यावर आतून गाळाची आडवी रेघ आहे का तेही बघा. २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर विकल्या गेल्या. त्यांच्या चॅनलमध्ये अजून माती सापडते आणि मोटरचे कार्बन (आतले ब्रश) खराब झालेले असतात.

कोरेगाव_रोड, सातारा
गाळाची रेघ नाही. बॅटरी १२.५. मोटरवर काच वर जाताना १०.२, खाली येताना ११.४. रबरातून काळा चिखल निघाला. साफ करून सिलिकॉन मारल्यावर वर जाताना ११.२ दिसतात, वेळ सहा-सात सेकंदांवर आला, थांबणं बंद झालं. तरी बाकीच्या काचा चार सेकंदांत जातात.

वायरिंगवाला_मिरज
आकडे बोलतात बघा. आधी वर जाताना २.३ व्होल्ट खात होतं, खाली येताना १.१. वाट तीच, मग दुप्पट खातंय म्हणजे वर जाताना मोटर दुप्पट करंट ओढत होती. तो दोष रबराचा, तो गेला. पण अजूनही सव्वा व्होल्टच्या पुढं वाटेत जातंय, हा दोष वेगळा.

आता स्विचवर या. बटण दाबून ठेवून स्विचची अर्थची (मायनस) वायर ते बॉडी मोजा, ०.२ च्या आत हवं. मग बॅटरी प्लस ते स्विचला येणारी प्लस वायर. दोन्ही ठीक असतील तर दोष स्विचमध्ये किंवा स्विच ते मोटर वायरीत. अर्थकडं आकडा मोठा आला तर दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर बघा. दार उघडझाप होऊन तिथं तांब्याच्या तारा आतल्या आत तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

कोरेगाव_रोड, सातारा
अर्थ ०.१, प्लसकडं ०.२. म्हणजे स्विच?

वायरिंगवाला_मिरज
हो, बहुधा स्विचच. बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा. स्विच पांढऱ्या कापडावर उघडा, आतल्या पितळी पट्ट्या आणि बारीक स्प्रिंगा उडतात. आधी फोटो काढा. काळे डाग कॉन्टॅक्ट क्लीनर आणि हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं काढा. फाईल लावू नका, वरचा मुलामा गेला की कॉन्टॅक्ट पुन्हा लवकर जळतो. खड्डाच पडला असेल तर स्विच बदला. मोटर-मशीनपेक्षा तो स्वस्तच पडतो.

कृष्णाकाठ, सांगली
त्यानंतरही रेंगाळली तरच मशीन. काच वर करून चौकटीला रुंद टेपनं बांधा आणि मगच बोल्ट सोडा. कात्रीसारख्या दांड्यांची मशीन असेल आणि तिला गुंडाळीची स्प्रिंग असेल, तर मोटर काढण्याआधी दांडा क्लॅम्पनं पक्का करा. नाहीतर मोटर सुटताक्षणी दांडा फिरतो, बोट सापडलं तर मोडेल. केबलची मशीन असेल तर केबलचे धागे सुटलेत का आणि प्लॅस्टिकचा सरकता तुकडा तडकलाय का बघा. सरकत्या भागांना पांढरं लिथियम ग्रीस लावा, रबराला नाही.

परत बसवताना काचेचे बोल्ट सैलच ठेवा, काच पूर्ण वर नेऊन चौकटीत बसू द्या आणि तिथंच आवळा. खाली असताना आवळले तर काच तिरकी बसते आणि नवी मोटर घातली तरी शेवटच्या चार बोटांवर अडते.